चुकीच्या माणसाचा खून

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका नव्या मराठी रहस्यकादंबरीचं परीक्षण आलं होतं. खून गोव्यातला, गाव जुवारी नदीच्या काठचं, मुहूर्त चतुर्थीचा. 'गोव्याच्या मातीचा अस्सल गंध' आणि 'शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी' अशी दोन प्रशस्तिपत्रं त्यात होती. त्यांच्यावर विसंबून मी पणजीला गेलेल्या भाच्याकडून साडेचारशे रुपये मोजून पुस्तक मागवलं. आता ते वाचून झालं आहे आणि गप्प बसवत नाही.

कादंबरीचं आणि लेखकाचं नाव परत लिहीत नाही, परीक्षणात ते आलेलं आहेच. ज्यांना पुस्तक वाचायचं आहे त्यांनी हे पत्र आत्ता बाजूला ठेवावं, कारण खुनी कोण ते मी सांगून टाकणार आहे. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त मृत्युपत्राचा आणि मानशीचा, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारांचा, भाग तेवढा राहू द्या.

मी रहस्यकथांची जुनी गिऱ्हाईक. शाळेत असताना वडील लपवून ठेवायचे ती पातळ कागदावरची पुस्तकं पोत्याखालून काढून वाचलेली. नोकरीची सगळी वर्षं नोंदणी खात्यात गेली, त्यातली बरीचशी दस्त नोंदणीच्या टेबलावर. सासर म्हार्दोळजवळ, माहेर मडकईचं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

वाचायची माझी एक पद्धत आहे. शेवटची पन्नास-साठ पानं उरली की पुस्तक मिटायचं, विजेच्या बिलाच्या मागे खुन्याचं नाव आणि कारण लिहायचं, बिल पुस्तकातच ठेवायचं आणि मग पुढे जायचं. बरोबर आलं तर आनंद, चुकलं तर त्याहून आनंद, कारण चांगल्या लेखकाने आपल्याला डोळ्यांदेखत फसवलेलं असतं. मागे जाऊन पाहिलं की सगळं तिथेच पडलेलं दिसतं: ती उघडी खिडकी, तो न भुंकलेला कुत्रा, ती एक बशी जास्त. आपणच पाहिलं नाही. या पुस्तकाच्या वेळी बिलाची मागची बाजू कोरी राहिली. घरातल्या कोणालाच खून करायचं कारण नव्हतं. लेखकाला ते ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो फरक.

गोष्ट थोडक्यात अशी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे भाटकार, म्हणजे जमीनदार. राजांगणाचं मोठं घर, मागे पोफळीची बाग म्हणजे कुळागर, पुढे खाजनाची शेती. घरात बायको, दोन मुलगे, दोन सुना, एक पुतण्या, स्वयंपाकीण आणि भाटकारांची शुश्रूषा करणारी तरुण परिचारिका. चतुर्थीसाठी सगळं घर जमलेलं असताना भाटकार जाहीर करतात की आपण मृत्युपत्र केलं आहे आणि घर, कुळागर, मुंबईचा फ्लॅट, सगळं परिचारिकेच्या नावे ठेवलं आहे. तृतीयेच्या रात्री भाटकार नाहीसे होतात. तीन दिवसांनी दोनापावलच्या किनाऱ्यावर प्रेत सापडतं. देवघरात तसबिरीमागे ठेवलेलं मृत्युपत्र गायब. पाहुणे म्हणून आलेले मुंबईचे निवृत्त पोलीस अधिकारी तपास हाती घेतात. दरम्यान एक दिल्लीचा बिल्डर उगवतो आणि सांगतो की कुळागर भाटकारांनी मला महिन्यापूर्वीच विकलं, हे बघा खरेदीखत. घर हादरतं. आणि शेवटी खुनी निघतो भाटकारांचा लिस्बनला वाढलेला, कोणालाच माहीत नसलेला अनौरस मुलगा.

हा मुलगा पुस्तकात पहिल्यांदा येतो पान २७१ वर. पुस्तक ३१२ पानांचं आहे.

आता सांगा, वाचकाने काय करायचं होतं? रोनाल्ड नॉक्स नावाचे इंग्लंडमधले एक कॅथलिक पाद्री होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ साली या खेळाचे दहा नियम लिहून ठेवले. काही नियम आज वाचले तर हसू येतं, पण पहिला नियम असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे, आणि आठवा असा की तपास करणाऱ्याला जो धागा सापडेल तो त्याच क्षणी वाचकासमोर ठेवला पाहिजे. शंभर वर्षं होत आली, नियम मोडून नाव कमावणारेही होऊन गेले. पण ते नियम मोडत आहेत हे त्यांना कळत होतं आणि मोडण्यातही त्यांची एक चाल होती. इथे पान ९६ वर अधिकारी भाटकारांच्या मेजाच्या खणातून एक फोटो काढतात. 'फोटोकडे पाहताच त्यांच्या ओठांवर सूचक हसू उमटलं. त्यांनी तो खिशात टाकला.' प्रकरण समाप्त. फोटोत कोण, किती माणसं, पाठीमागे काही लिहिलेलं आहे का, एक अक्षर नाही. पुढची दोनशे पानं तो फोटो त्या खिशात राहतो. मधूनमधून अधिकारी खिसा चाचपतात आणि पुन्हा सूचक हसतात. शेवटी कळतं की फोटोत एका लहान मुलाचा हात धरलेले भाटकार होते, मागे लिस्बनची ट्राम. म्हणजे ज्या एका गोष्टीवर उलगडा उभा आहे ती लेखकाने खिशात दडवून ठेवली आणि वाचकाला म्हणाला, ओळख! माझ्या नातवाबरोबर पत्ते खेळताना तो असं करतो, त्याला आम्ही ओरडतो.

पण हे एक वेळ चालवून घेतलं असतं. माझं खरं दुखणं मृत्युपत्राशी आहे, कारण सगळी कादंबरी त्याच्यावर टांगलेली आहे.

भाटकारांनी 'सगळं' परिचारिकेला दिलं, हे वाक्य गोव्यात म्हणताच येत नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून इथे आला, गोवा मुक्तीनंतरही राहिला. वारसाहक्काचा भाग आता २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आलेल्या नव्या गोवा कायद्यात आहे, पण गाभा तोच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. कमावलेली असो की वाडवडिलांकडून आलेली, सासरची असो की माहेरची. निम्मं बायकोचं. ती वारस म्हणून नव्हे, मालकीण म्हणून निम्म्याची धनी, नवरा जिवंत असतानाच. उरलेल्या निम्म्यातही मुलं असतील तर अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव, बापाला तो दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे भाटकार कितीही चिडले, परिचारिकेवर कितीही भाळले, तरी त्यांना मोकळेपणाने देता येण्यासारखा हिस्सा उरतो एकूण मालमत्तेच्या चौथाईचा. घरात हे सुनांना माहीत असतं, पुतण्याला माहीत असतं, शेजारच्या पदेरालाही, म्हणजे पाववाल्यालाही, माहीत असतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी एखाद्या म्हाताऱ्याने अशी घोषणा केली असती तर घरात दोन घटका शांतता पसरली असती आणि मग थोरल्या सुनेने विचारलं असतं, "चौथाई तिला, ते ठीक. पण त्यात विहिरीकडचा भाग येतो का?"

मुंबईचा फ्लॅट तरी? लेखकाला वाटलं असेल की तो गोव्याबाहेर, तिथे हा कायदा कसा लागेल. नेमक्या याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल दिला: गोंयकाराची मालमत्ता देशात कुठेही असो, वारसा इथल्याच कायद्याने. कादंबरी घडते २०२४ मध्ये.

मृत्युपत्र तसबिरीमागे ठेवण्याबद्दल तर काय बोलावं! साध्या कागदावर लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतलेलं मृत्युपत्र महाराष्ट्रात चालत असेल, इथे ते नोटरीपुढे करावं लागतं. उघडं मृत्युपत्र नोटरीच्या वहीतच लिहिलं जातं, साक्षीदारांसमोर, आणि ती वही सरकारी कार्यालयातून हलत नाही. घरी असते ती नक्कल. खुनी ज्या प्रकरणात मृत्युपत्र चोरून, पावसात भिजत, पोफळीच्या झावळ्यांत जाळतो (लेखकाने इथे अडीच पानं खर्च केली आहेत, वादळही आणलं आहे), ते वाचून मला त्या बिचाऱ्याची कीव आली. मृत्यूचा दाखला जोडून वारसांनी एक अर्ज टाकला की दुसरी नक्कल मिळते. जाळलं ते काय? आणि चोरणाऱ्याने बापाचा खून केलेला. खून करणाऱ्याला ज्याचा खून केला त्याचा वारसा मिळत नाही, ही गोष्ट तर गोव्यातच काय, कुठेही आहे.

आता बिल्डर. भाटकारांनी घरात कोणाला न सांगता एकट्याच्या सहीने कुळागर विकलं, असं लेखक म्हणतो. मी त्या टेबलावर बसलेली बाई आहे. असा दस्त घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. कपाळावर घाम, हातात फाईल, बरोबर एक गडबडीतला एजंट. "बायको बरी नाही, तिच्यातर्फे मीच करतो." तिच्यातर्फे करायचं तर तिने रीतसर दिलेलं मुखत्यारपत्र आण, नाहीतर तिला आण. माणूस परत जायचा. नवऱ्याच्या एकट्याच्या सहीने घराची किंवा जमिनीची विक्री होत नाही. आणि भावाभावांची सामाईक जमीन असली तर भावांच्या बायका, बहिणींचे नवरे, सगळे आले. दस्ताच्या शेवटी सह्यांनीच दीड पान भरायचं. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे. कार्यालयाच्या दाराशी एक खांब होता, बायका अंगठा लावून झाला की शाई त्या खांबाला पुसायच्या. चुना कितीदा लावला तरी महिन्याभरात कमरेच्या उंचीवर तो निळा व्हायचा.

एकदाचं आठवतं. सत्तरीतलं जोडपं, सोबत घेणारा. सगळी तयारी झाली, नवऱ्याने सही केली, कागद बाईंपुढे सरकवला. बाईंनी चष्मा लावला, वाचता येत होतं त्यांना, पण वाचायला लागल्या सावकाश, बोट ठेवून. चतुःसीमा आली तिथे बोट थांबलं. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "ह्यात बांय आयली?" विहीर यात आली का, एवढंच. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. घेणारा म्हणाला, विहीर जमिनीतच आहे ना काकी. बाईंनी पेनाला टोपण लावलं, पेन माझ्यापुढे ठेवलं, उठल्या आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या. त्या दिवशी दस्त झाला नाही. पुढे झाला की नाही मला ठाऊक नाही. पण ते टोपण लागल्याचा आवाज आणि घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग, एवढ्यात जी धाकधूक होती ती या ३१२ पानांत मला मिळाली नाही.

म्हणून म्हणते, या कादंबरीत चुकीच्या माणसाचा खून झाला आहे. ज्याला कुळागर गिळायचं आहे त्याच्या वाटेत भाटकार आडवे येतच नव्हते, ते तर विकायला तयारच होते. आडवी होती ती त्यांची बायको, निम्म्याची मालकीण. तिने फक्त सही करायची नाही, एवढं केलं की सगळा व्यवहार ठप्प. धोका तिला होता. आणि लेखकाने तिचं काय केलं? ती पुस्तकात पाच वेळा येते. दोनदा चहा आणते, एकदा तुळशीपुढे दिवा लावते, एकदा मूर्च्छा येऊन पडते, एकदा पदराने डोळे पुसते. मुंबईचे अधिकारी घरातल्या सगळ्यांची जबानी घेतात. पुतण्याची, सुनांची, नारळ पाडायला येणाऱ्या गड्याचीसुद्धा. तिला एकही प्रश्न विचारत नाहीत. 'त्या माउलीला त्रास द्यायला नको,' असं वाक्य आहे. अहो, खून झालेल्या घरात जिचं सगळ्यात जास्त पणाला लागलेलं, रात्रभर त्याच खोलीत झोपलेली बाई, तिला कोणी विचारत नाही की तुमचे यजमान किती वाजता उठून गेले? लेखकाने मुद्दाम तिच्यावरून नजर हटवली असती, शेवटी तीच निघाली असती, तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पण तसं नाही. त्याला ती दिसलेलीच नाही.

आता मानस. हा भाग मी माहेरच्या बाजूने लिहिते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खाजन म्हणजे खाडीच्या भरतीच्या पातळीहून खालची जमीन, बांध घालून राखलेली. बांधात मानस असते. तिची लाकडी दारं अशी बसवलेली असतात की भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून त्यांना उघडतं. खारं पाणी शेतात शिरू नये आणि पावसाचं तुंबू नये म्हणून केलेली ही सोय आहे. वीज नको, माणूस नको. लहानपणी आम्ही बांधावर बसून ती दारं मिटायची वाट बघायचो. आधी फटीतून येणारं पाणी बारीक होतं, मग दारं हलकीच थरथरतात आणि शेवटी एकमेकांना टेकतात.

कादंबरीत खुनी रात्री बारा वाजता प्रेत मानशीच्या आतल्या पाण्यात टाकतो आणि 'भरतीच्या लाटेने ते जुवारीच्या पात्रात खेचलं गेलं.' भरतीने! भरती चढत असताना मानस मिटलेली असते, आतून बाहेर माशाचं पिल्लू जात नाही. बरं, लेखक चुकून ओहोटीऐवजी भरती लिहून गेला म्हणावं, तर तिथीचा हिशेब करून बघा. किनाऱ्यावरची म्हातारी माणसं करतात तोच: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तेवढे वाजता भरती. तृतीयेचे सव्वादोन. म्हणजे ओहोटी संपली आठच्या सुमाराला आणि रात्री बाराला पाणी भरभर चढत असणार. नदीच्या आत-बाहेर तासाभराचा फरक धरला तरी बाराला मानस बंदच. प्रेत आत राहिलं असतं. पहाटे ओहोटी लागल्यावर दारं उघडली असती आणि ते गेलं असतं कुठे? मानशीच्या तोंडाशी ओहोटीला जाळं लावलेलं असतं. मानशीतल्या मासळीचा हक्क पावणी म्हणजे लिलाव करून दिला जातो, ज्याने पैसे मोजले आहेत तो माणूस ओहोटीची वेळ चुकवत नाही. सुंगटं (कोळंबी) काढायला म्हणून जाळं ओढलं असतं आणि हाती आले असते भाटकार. दोनापावलापर्यंत जायची गरजच नव्हती. पहिल्या प्रकरणासाठी याहून चांगली सुरुवात कोणती हवी होती?

प्रेत तीन दिवस पाण्यात राहिल्यावर बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचे डॉक्टर मृत्यूची वेळ सांगतात 'रात्री ११ वाजून ४० मिनिटं'. भाद्रपदातलं कोमट पाणी, तीन दिवस, आणि मिनिटांचा हिशेब. असो.

चतुर्थीचं प्रकरण मी आमच्या जाऊबाईंना वाचून दाखवलं. भाटकार हिंदू, घरात गणपती, वर फळाफुलांची माटोळी बांधलेली, आणि स्वयंपाकीण दुपारच्या जेवणाला इसवणाचं हुमण, म्हणजे सुरमईची आमटी, करते आहे. पाहुण्या अधिकाऱ्यांना ते इतकं आवडतं की ते दुसऱ्यांदा भात मागतात. जाऊबाई भाजी चिरत होत्या. विळीवरचा हात थांबवून म्हणाल्या, "चवथीक हुमण? आनी तेंय भाटकाराच्या घरांत? तोच गुन्हो पयलो धर." त्यानंतर रात्री पुतण्या ताजा हुर्राक, म्हणजे काजूची दारू, ओततो. काजूचा हंगाम उन्हाळ्यातला. हुर्राक मे संपेपर्यंत मिळतो आणि फार दिवस टिकत नाही. सप्टेंबरात ताजा हुर्राक ज्याला मिळाला त्याचा पत्ता आमच्या शेजाऱ्यांना हवा आहे.

मी इथे बारीकसारीक चुका वेचत बसले आहे असं कोणाला वाटेल. प्रेमकथेत सप्टेंबरात हुर्राक आला असता तर मी पान उलटलं असतं. पण रहस्यकथेत वाचक प्रत्येक ओळीकडे संशयाने बघत असतो, तसं बघायला लेखकानेच त्याला शिकवलेलं असतं. चतुर्थीला हुमण वाचल्याबरोबर मी सावध झाले. म्हटलं, ही स्वयंपाकीण इथली नाही, खोट्या नावाने घरात शिरली आहे! पुढची शंभर पानं मी तिच्यावर डोळा ठेवून होते. हुर्राक आला तेव्हा वाटलं, बाटलीत दुसरंच काही आहे. भरतीने प्रेत बाहेर गेलं तेव्हा तर खात्रीच झाली की साक्षीदार खोटं बोलतो आहे, मानशीजवळ कोणी नव्हतंच. एकट्याच्या सहीचं खरेदीखत पाहून बिल्डर तोतया ठरवला. चारही धागे मी जपून धरून ठेवले होते. चारही लेखकाच्या चुका निघाल्या. गोव्याबाहेरच्या वाचकाला हे खटकणार नाही, तो खोटं खरं समजून पुढे जाईल. इथल्या वाचकाला मात्र धागा कोणता आणि चूक कोणती हे कळायला मार्ग नाही, आणि मग खेळायचं कशाशी?

शेवटचं प्रकरण फोंड्याच्या पोलीस ठाण्यात आहे. अधिकारी फोटो टेबलावर टाकतात, खुनी ढसाढसा रडतो, इन्स्पेक्टरपुढे सगळं कबूल करतो, आणि 'कलम ३०२ खाली' त्याला बेड्या पडतात. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम १०३ झालं आहे, हे तर वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, जुन्या कायद्यातही नव्हती, नव्यातही नाही. मग या अधिकाऱ्यांच्या हातात राहिलं काय? एक ट्रामचा फोटो. मडगावचा कोणताही होतकरू वकील त्या मुलाला सोडवून आणेल आणि पुढच्या विमानाने तो लिस्बनला पोचेल. लेखकाने बेड्यांवर पडदा टाकला म्हणून बरं.

चांगलं काहीच नाही असं नाही. पहिलं प्रकरण, जुवारीवरचा पाऊस आणि मडकई-कुठ्ठाळी फेरीबोटीतली माणसं, लेखकाने छान टिपलं आहे. फेरी धक्क्याला लागताना दुचाकीवाले आधीच इंजिन सुरू करून उभे राहतात, हे बारकाईने बघणाऱ्यालाच सुचेल. धाकट्या सुनेचे संवाद जिवंत आहेत. छपाई स्वच्छ आहे. म्हणूनच चुटपुट लागते. ज्याला फेरीबोट दिसली त्याला बांधावर उतरून मानस बघायला अर्धा तास लागला असता, आणि तालुक्याच्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात जाऊन एका कारकुनाला 'बायकोच्या सहीशिवाय जमतं का हो?' एवढं विचारायला पाच मिनिटं. आम्ही लोक विचारलं की सांगतो. न विचारताही सांगतो, हे पत्र बघाच.

आणि खुनाला कारणच हवं होतं तर ते इथे रचून ठेवलेलं होतं. माणूस गेल्यावर वारसांचं जमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी होते. मयताच्या मागे राहिलेल्या सगळ्याची यादी. घर, भाट (माडांची बागायत), कुळागर, गाई, समया, तांब्याची घागर, देवघरातली मूर्तीसुद्धा. प्रत्येकाची किंमत लिहिली जाते. मग वारसांनी आपसातच बोली लावायची. जो जास्त म्हणेल त्याला ती वस्तू, आणि आपल्या हिश्श्याहून जास्त घेतलं त्याची भरपाई बाकीच्यांना रोख. बाहेरचा माणूस त्यात नाही, सगळी एकाच आईची लेकरं. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले भाऊ एका खोलीत बसून बापाच्या घरावर बोली वाढवत नेतात, कधी घर हवं म्हणून, कधी दुसऱ्याला मिळू नये म्हणून. दुसरा किती रोख उभी करू शकतो याचा अंदाज दोघांनाही असतो. आदल्या रात्री त्यातल्या एकाचं काही झालं तर? त्याची बायको बोली लावायला उभी राहील का? त्या यादीत एक वस्तू मुद्दाम लिहायची राहून गेली असेल तर? माझ्यासारख्या बाईला हे सुचतं, तर रहस्यकथा लिहिणाऱ्याला त्यातून काय काय काढता आलं असतं. पण त्यासाठी वादळ आणि लिस्बन बाजूला ठेवावे लागले असते.

परीक्षकांना माझा एकच प्रश्न आहे. 'अस्सल गंध' त्यांना नेमका कुठल्या पानावर आला? पान क्रमांक छापलात तर मी पुन्हा उघडून बघेन.

जाता जाता एक महत्त्वाचं. पुस्तकाच्या शेवटी याच अधिकाऱ्यांच्या पुढच्या कादंबरीची जाहिरात आहे: 'सत्तरी तालुक्यातल्या एका खाणीवर, २०१९ च्या पावसाळ्यात, रात्रपाळीवर झालेला खून.' सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन बंद झालं. २०१९ मध्ये खाणीवर पाळीच नव्हती, रात्रीचीही नाही आणि दिवसाचीही नाही. ट्रक दारात उभे होते, त्यांचे हप्ते थकले होते, आणि घराघरांतून लोक पणजीला मोर्च्याला जात होते. पुस्तक अजून छापायला गेलं नसेल तर लेखकाने साल तरी बदलावं. किंवा साल तेच ठेवावं आणि बंद खाणीवर, जिथे कोणाचंच काही काम नव्हतं, तिथे रात्री दोन माणसं काय करत होती तिथून सुरुवात करावी. तसं केलं तर साडेचारशे रुपये मी आत्ताच बाजूला काढून ठेवते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त नोंदणी कर्मचारी
म्हार्दोळ, फोंडा
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे. छापू नये, गावात भाटकार अजून आहेत.)